साडेसहाच्या गाडीचा डबा

नांदेडसारख्या शहरात दोन वर्षं राहून एम.ए. करायचं, खोलीचं भाडं द्यायचं नाही, खानावळीची पायरी चढायची नाही आणि तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून हिंडायचं, हे ज्याला जमलं त्याला हुशार म्हणायचं की नाही? भागवत हुशार होता. ही गोष्ट त्याला स्वतःला सगळ्यांच्या आधी पटली होती.

डोंगरकड्याच्या मसाजीचा हा थोरला. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की मसाजी कळप घेऊन बाहेर पडायचा तो मिरगाच्या तोंडावर परत यायचा. मागं बायको गोजरबाई, चार शेरडं, दोन एकर कोरडवाहू, भागवत आणि धाकटी दीपमाला. पोराला शिकवायचंच असं गोजरबाईनं ठरवलं होतं. पोरगी शिकत होती, कारण तिला कोणी अजून थांबवलं नव्हतं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात भागवतनं नांदेडला अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं आणि घरून डबा सुरू झाला. त्या काळी खेड्यापाड्यातल्या पोरांचा डबा एस.टी.नं यायचा. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागं फडक्यात बांधलेल्या डब्यांची रांग लागायची. नांदेडच्या स्टँडवर पोरं उभी असायची, आपापलं फडकं ओळखून डबा उचलायची आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. तिकीट नाही, पावती नाही. कंडक्टरला सणासुदीला पायलीभर तूर दिली की तो वर्षभर डबे लेकरासारखे सांभाळायचा. टपाल हरवायचं, मनीऑर्डर उशिरा यायची, पण डबा हरवला असं त्या रस्त्यावर कोणी ऐकलं नव्हतं.

हा डबा करायची दीपमाला. गोजरबाई पहाटेच हळदीच्या निंदणीला जायची, म्हणून पोरगी चारला उठायची. चार भाकरी, कोरडी भाजी, ठेचा, कधी तिळाची चटणी. मग अर्धा कोस चालत फाट्यावर. साडेसहाची गाडी साडेसहाला आली असती तर तिचा कॉलेजातला पहिला तास बुडाला नसता. पण गाडीला काय, तिला बारावी थोडीच द्यायची होती? दीपमालाला द्यायची होती. ती फाट्यावरच्या दगडावर बसून पुस्तक वाचायची आणि गाडीचा आवाज आला की उठायची. संध्याकाळी पुन्हा तिथंच, रिकामा डबा घ्यायला.

गोजरबाईचा एक नेम होता. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. "चिमूटभर साखर का व्हईना टाकावी, पर रिकामं भांडं धाडू न्हाई," असं तिनं भागवतला जाताना बजावलं होतं. पहिला महिनाभर भागवतनं नेम पाळला. डब्यात कधी दोन पेपरमिंट, कधी पेनाची रिफिल यायची. दीपमालानं त्या पेपरमिंटचे कागद वहीत ठेवले होते. एवढ्याशा गोष्टीवर ती पोरगी पहाटे चारला उठत होती.

महिन्याभरात भागवतला प्रभू भेटला. प्रभू कनेरगाव नाक्याचा. बापाची तीस एकर जमीन आणि हमरस्त्यावर ढाबा. बापानं पोराला स्वतंत्र खोली घेऊन दिली होती, पंखा, गादी, स्टोव्ह सगळं होतं. फक्त पोटाचं जमत नव्हतं. खानावळीचं तेलकट खाऊन प्रभूचं पोट बिघडलं होतं आणि त्याला भाकरीशिवाय गोड लागत नव्हतं. एक दिवस त्यानं भागवतच्या डब्यातली वांग्याची भाजी चाखली आणि डोळेच मिटले.

"काय हात हाय बे," तो म्हणाला. "हे रोज येते तुले?"

"रोज."

"मंग असं कर. तुहा डबा माहा, माही खोली तुही. बराबर?"

भागवतनं अर्थशास्त्राची दोन-तीन पुस्तकं तेवढ्यात वाचली होती. सौदा त्याच्या लगेच ध्यानात आला. खोलीचं भाडं सुटलं. आणि जेवणाचं काय? नांदेडात कोणी उपाशी मरत नाही. गुरुद्वाऱ्याचा लंगर सकाळ-संध्याकाळ उघडा. डोक्याला रुमाल बांधायचा, रांगेत बसायचं. वरण, रोट्या, भाजी, कधी खीर. कोणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही. वाढणारा धर्मसिंग नावाचा म्हातारा तेवढा हसून म्हणायचा, "बेटा, खाया तो दो थाली माँज भी दिया कर." भागवत म्हणायचा, "कल परीक्षा है, बाबाजी." दोन वर्षं रोज त्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं? पहाटे चारला उठणारी वेगळी, खाणारा वेगळा, आणि मधल्यामधे खोली मिळवणारा तिसराच. बाकीही त्यानं नीट बसवून घेतलं. वाचायला लायब्ररी, कारण तिथं पंख्याचं बिल येत नाही. पेपर न्हाव्याच्या दुकानात. तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री. चहा कोणालातरी नोट्स समजावून. कॉलेजातली शहरी पोरं त्याच्याकडं बघून म्हणायची, गडी खेड्यातला आहे, पण राहतो कसा बघा! ते ऐकून भागवतची मान ताठ व्हायची.

घरी यातलं काही सांगायची गरजच नव्हती. डबा बंद झाला तर खोली जाईल, एवढं त्याला पक्कं कळत होतं. म्हणून रात्री झोपताना तो प्रभूला विचारायचा, "आज काय होतं रे?" प्रभू सांगायचा, शेपू होती, कुळथाचं पिठलं होतं. सणावाराला घरी गेला की भागवत पाट ओढून बसायचा आणि म्हणायचा, "परवाचं पिठलं झकास झालं होतं हां, दीपे." दीपमाला चुलीकडं तोंड करून हसायची. पुढं पुढं तर डबा आणायला स्टँडवरही प्रभूच जाऊ लागला. रिकाम्या डब्यात पेपरमिंट टाकायचा तोही प्रभूच, कारण भागवतनं त्याला नेम सांगून ठेवला होता. नेम कोणी पाळायचा हे गोजरबाईनं कुठं सांगितलं होतं?

अठ्ठ्याण्णवला दीपमालाचा निकाल लागला. रोजचा पहिला तास बुडवून पोरीनं चौऱ्याहत्तर टक्के पाडले. तिची मैत्रीण मोहिनी शिंप्याची, तिला एकोणसत्तर. दोघींनी ठरवलं होतं, डी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं. नांदेडात मुलींचं एक अध्यापक विद्यालय होतं, तिथं दोघींनी अर्ज आणले. मसाजीनं लेकीला बजावून सांगितलं, "नंबर लागला तर शीक. न्हाई लागला तर दिवाळीला ग्यानबासंगं लगीन." ग्यानबा गावातलाच, मेंढरंवाला, वाईट नव्हता. पण दीपमालाला मास्तरीण व्हायचं होतं. त्या एका अर्जावर तिचं सगळं पुढचं टांगलेलं होतं, आणि हे तिला जसं कळत होतं तसं घरात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

मोहिनीचा बाप तिला घेऊन नांदेडला गेला आणि अर्ज देऊन आला, तेव्हा दीपमालाचा जातीचा दाखला हाती आला नव्हता. मसाजीच्या कळपात आजार शिरला होता, गोजरबाईला नांदेडचा स्टँडही माहीत नव्हता, आणि एकट्या पोरीला कोणी धाडणार नव्हतं. शेवटची तारीख शनिवारची. मंगळवार उजाडला. टपालानं पाठवावं तर भरवसा नाही. दीपमालानं डोकं चालवलं. ह्या रस्त्यावर कधी न हरवणारी एकच गोष्ट होती, आणि ती दादा रोज दुपारी स्वतःच्या हातानं उघडत होता. तिनं गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो आणि भरलेला अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर चिठ्ठी जोडली, "दादास. शनिवारच्या आत दे. झेरॉक्स तिथंच काढ," आणि पिशवी भाकरीच्या खाली ठेवली. त्या दिवशी तिनं भाकरीला तीळही लावले.

भागवत त्या मंगळवारी खोलीवर नव्हता. त्याचे एक सर लग्नाला सहकुटुंब गावी गेले होते आणि घर राखायला भागवतला बसवून गेले होते. फ्रिज, टीव्ही, पलंग, गच्चीवर वारा. सहा दिवस फुकटात राजा. डबा थोडे दिवस पाठवू नका, असं घरी कळवता आलं असतं. पण मग प्रभूनं खायचं काय? सहा दिवस भाकरी नाही मिळाली तर तो तोंड वाकडं करील. म्हणून भागवतनं कळवलं नाही.

प्रभूनं डबा उघडला. भाकरी खाल्ल्या, खाली पिशवी निघाली. वर "दादास" लिहिलेलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये इतका प्रभू सभ्य होता. दुसऱ्याचा डबा खावा का हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्यानं पिशवी पुसली, खिडकीत आरशामागं ठेवली, आणि रिकाम्या डब्यात नेमानं दोन पेपरमिंट टाकून डबा गाडीवर दिला.

संध्याकाळी फाट्यावर दीपमालानं डबा हलवून बघितला. आत पेपरमिंट वाजली. दादाला कागदं पोचली, असं तिनं धरलं. ती घरापर्यंत जवळजवळ पळत गेली.

रविवारी भागवत परतला. दाढी करताना आरसा सरकवला तर मागं पिशवी. चिठ्ठी वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, हे मंगळवारी आलं? तारीख गेली ना रे!" तो खरंच हळहळला. त्याला दगडाचं काळीज होतं असं कोणी म्हणू नये. सोमवारी सकाळी तो त्या विद्यालयात गेलासुद्धा.

खिडकीवर पद्माबाई नावाच्या कारकून बसल्या होत्या. त्यांनी गुणपत्रिका उलटीसुलटी पाहिली. कोपऱ्यावर तेलाचा पिवळा डाग पडला होता.

"चौऱ्याहत्तर? अहो, हिचा नंबर डोळे झाकून लागतो. यादी अजून गुरुवारी लागायचीय. असं करा, उद्या पोरीला घेऊन या. उशीर काहून झाला ते तिच्या हातानं लिहून द्या, मी मोठ्या बाईंपुढं उभी करते. पोरीला बघितलं की बाई न्हाई म्हणायच्या न्हाईत."

एवढं सोपं होतं. दुपारची गाडी धरायची, तासाभरात डोंगरकडा, सकाळी बहिणीला घेऊन परत. भागवत स्टँडवर गेला. गाडी लागलेली होती. तो गाडीजवळ उभा राहून विचार करू लागला, आणि विचार करणाऱ्या माणसाइतकं वाईट कोणी नसतं. उशीर काहून झाला ते लिहायचं. काय लिहायचं? दीपी विचारणार, मंगळवारी डबा उघडला न्हाई का? सरांच्या घरी होतो म्हटलं तर, मग डबा खाल्ला कोणी? एक सूत ओढलं की अख्खं धोतर उसवणार. आई डबा बंद करणार, प्रभू खोली बंद करणार, आणि अजून एक वर्ष बाकी. परीक्षेच्या वर्षी लंगरच्या ओट्यावर झोपायचं काय?

गाडी निघून गेली. त्याला चढता आलं नाही असं तो पुढं कधीतरी स्वतःलाच सांगायचा. खरं तर तो चढला नाही.

पुढच्या आठवड्यात पिशवी डब्यातूनच परत गेली. सोबत भागवतच्या अक्षरात चिठ्ठी, "अर्ज दिला होता. तीन मार्कांनी हुकला. वाईट वाटून घेऊ नको." दीपमालानं ती फाट्यावरच उभ्या उभ्या वाचली. गुणपत्रिकेवरचा डाग तिनं पदरानं पुसायला बघितला, तो निघाला नाही.

चार दिवसांनी कळलं, मोहिनीचा नंबर लागला. एकोणसत्तरला लागला आणि चौऱ्याहत्तरला हुकला, हे कसं? पोळ्याला भागवत घरी आला तेव्हा दीपमालानं विचारलं. भागवतनं पोळीचा घास मोडता मोडता उत्तर दिलं, "तिच्या बापानं पैसे चारले असतील. दुनिया अशीच हाय, दीपे." एका वाक्यात तो सुटला, आणि बिचाऱ्या शिंप्याची गावात अब्रू गेली. दीपमाला मोहिनीशी बोलायची बंद झाली. मोहिनी दोनदा दारात येऊन गेली, दीपमाला आतून बाहेर आली नाही.

दिवाळीला लग्न झालं. आणि लग्नानंतरही, सासर गावातच म्हणून, दीपमाला पहाटे चारला उठून वर्षभर दादाचा डबा करत राहिली. दादाचं शेवटचं वर्ष होतं.

भागवत पहिल्या वर्गात पास झाला. पुढं प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, वसमतला कॉलेजात लागला, बायको आली, मोटारसायकल आली. दोन हजार सहाला त्याला पीएच.डी. मिळाली. विषय होता ग्रामीण कुटुंबातील बचतीच्या सवयी. मराठवाड्यात ह्या विषयाचा त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता, हे मान्य करावं लागेल.

गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. त्या शाळेत तेव्हा मोहिनीबाई तिसरीला शिकवत होत्या. आणि शाळेच्या मागच्या शेडमधे पोरांची खिचडी शिजवायला दीपमाला होती. ग्यानबा आठ महिने मेंढरांमागं, पदरात दोन लेकरं, बचत गटानं हे काम दिलेलं. रोज सकाळी मोहिनीबाई वर्गात जायच्या, दीपमाला चुलीकडं. आठ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं, नुसत्या एकमेकींना ओलांडून जायच्या. सत्काराच्या दिवशी गावजेवण होतं, तेही दीपमालानंच रांधलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दादाला आवडतं म्हणून.

पाहुणे म्हणून प्रभू आला होता. आता त्याचे दोन ढाबे होते आणि पोट त्याहून पुढं. भागवतनं भाषणात सांगितलं की बहिणीच्या भाकरीवर मी शिकलो. टाळ्या पडल्या. गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. प्रभूनं माईक घेतला आणि हसत म्हणाला, "आपला डॉक्टर असा हुशार, की भाकरी बहिणीची, खाल्ली म्या, अन् खोलीत झोपला हा!" लोक खो खो हसले. मित्रामित्रांची गंमत, असं सगळ्यांनी धरलं. भागवतही हसला, पण त्याला खुर्ची टोचायला लागली होती.

पंगत बसली, भागवतच्या शेजारी प्रभू. दीपमाला भाकरीची टोपली घेऊन वाढायला निघाली, तशी प्रभूनं तिला हात जोडले.

"ताई, गंमत न्हाई, खरंच सांगतो. दोन वर्षं तुमच्या हातचं खाल्लं. ह्यो लंगरले जाये, डबा मीच खाऊन राहिलो होतो. तुमाले ठाव असंल म्हणा. ते पेपरमिंट बी मीच टाकत होतो."

दीपमालाच्या हातात भाकरी तशीच राहिली. "रोज तुमीच उघडायचा डबा?"

"रोज. एकदा तर बाप्पा कागदं निघाले भाकरीखाली! हा सहा दिवस सरांच्या घरी पंख्याखाली. आला तं तारीख गेलेली. लय हळहळला बिचारा. त्या बाईनं बी सांगतलं व्हतं म्हणे, पोरीले उद्या आणा, घेते म्हणून. मंग आणलं व्हतं का तुमाले? काय झालं त्याचं?"

त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तो उत्तराची वाट बघत भाजीत ठेचा कालवत राहिला.

दीपमालानं समोरच्या रांगेत बघितलं. तिथं मोहिनीबाई खाली मान घालून जेवत होत्या, कारण ह्या पंगतीत आपल्याला कोणी आग्रह करणार नाही हे त्यांना आठ वर्षांत कळलं होतं. दीपमाला तिकडं गेली आणि तिनं मोहिनीच्या पानात तीळ लावलेली भाकरी ठेवली. मोहिनीनं वर पाहिलं. मग दीपमाला परत आली, प्रभूला वाढलं, त्याच्या पलीकडच्याला वाढलं, आणि मधलं भागवतचं पान ओलांडून पुढं गेली.

भागवतनं मान वर केली नाही. गोजरबाई लांबून ओरडली, "अगं, दादाला वाढ की! त्याचंच पान रिकामं ठिवलं व्हय?"

"त्याच्या वाटचं प्रभूभाऊनं खाल्लं, आई," दीपमाला म्हणाली. "आठ वर्सं झाली."

पंगतीतल्या माना भागवतकडं वळल्या. प्रभूचा घास हातातच राहिला. पण गोजरबाईला ऐकू कमी यायचं, आणि जेवढं आलं त्याचा अर्थ लागला नाही. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, लेकीच्या टोपलीतून दोन भाकरी उचलल्या आणि स्वतः लेकाच्या पानात वाढल्या. वर वांग्याची भाजी ओतली.

"येडी हाय ती. दिवसभर चुलीम्होरं बसून डोकं तापलं तिचं. खा रं लेकरा."

आणि भागवतनं खाल्लं. सगळं गाव बघत असताना, खाली मान घालून, दोन्ही भाकरी खाल्ल्या.

"कसं झालंय?" आईनं विचारलं.

"झकास," तो म्हणाला.

टोपली आईपाशीच सोडून दीपमाला मागं शेडमधे भाकरीचा तवा घासायला बसली होती. तिथपर्यंत ते ऐकू आलं.